एक नंबरच्या मशीनचं नेट

“आलं!” पायल ओरडली.

“गेलं,” मी म्हणाले.

“आलं, आलं, आलं!”

“गेलं की गं.”

एक नंबरच्या मशीनसमोर आम्ही दोघी पडद्याला नाक लावून बसलो होतो. खालच्या कोपऱ्यात नेटचं इवलंसं चिन्ह होतं. ते हिरवं व्हायचं, आमचा जीव भांड्यात पडायचा, आणि तेवढ्यात त्याच्यावर लाल फुली यायची. पुन्हा हिरवं. पुन्हा फुली. कुणीतरी आत बसून दिव्याचं बटण खालीवर करत असावं तसं.

“भूत आहे,” पायलनं निकाल दिला. पायल तुपारे माझ्या बाकावरची. तिच्या मते जगातल्या निम्म्या अडचणी भुतांमुळं होतात आणि उरलेल्या आमच्या वर्गशिक्षकांमुळं.

“भुताला नेट कशाला लागतंय?”

“मग तूच सांग की, शहाणे.”

आणि मला सांगता येत नव्हतं. गंमत म्हणजे त्याचंच मला भारी वाटत होतं.

मी तेव्हा आठवीत होते, आता दहावीत आहे. आता मी वर्गात इतकी बोलते की बाईंना हात जोडावे लागतात. पण तेव्हाची समृद्धी गावडे म्हणजे हजेरी देण्यापुरतं तोंड उघडणारी मुलगी. कुठं काही विचारलं की कुणीतरी हसणार, याची मला खात्रीच असायची. लॅबमध्ये मात्र तसं नव्हतं. मशीनला एकच गोष्ट शंभर वेळा विचारली तरी ते ‘गप बस’ म्हणत नाही. घरी कॉम्प्युटर नाही, आणि एकुलता एक मोबाईल बाबांसोबत काजूच्या टेम्पोतून बेळगावला जातो. म्हणजे माझं जे काही होतं ते सगळं त्या पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत होतं.

आणि तीच खोली रिकामी होण्याची वेळ आली होती.

आमच्या मुगळेवाडीच्या शाळेला ते दहा कॉम्प्युटर पुण्याच्या एका संस्थेनं दिलेले. संस्थेची अट साधी होती: वापरा. न वापरता कापडानं झाकून ठेवलेले दिसले, तर उचलून दुसऱ्या शाळेला देणार. पलीकडच्या गावातले त्यांनी खरंच उचलले होते. पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून टेम्पो बघत होती म्हणे. आता आमची पाळी होती. गुरुवारी दुपारी संस्थेच्या गोगटे मॅडम व्हिडिओवरून लॅब बघणार होत्या, आणि तेही कुणाच्या मोबाईलवरून नाही, लॅबच्याच मशीनवरून. कॅमेरा चालेल एवढी ताकद दहातल्या एकाच मशीनमध्ये होती. एक नंबरच्या. ज्याचं नेट येत होतं आणि जात होतं.

आता हे झालं कसं ते सांगते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुजावर मॅडमनी मला थांबवून घेतलं. मुजावर मॅडम मिरजेच्या, त्याच वर्षी आमच्याकडं नेमणूक होऊन आलेल्या, कॉम्प्युटर शिकवायच्या. त्यांनी कॅमेरा लावून बघितला तर त्यांचा चेहरा पडद्यावर थिजून बसलेला आणि आवाज आपला पुढं चाललेला.

“मशीन म्हातारं झालंय गं,” त्या म्हणाल्या. “त्याच्या अंगावरचं ओझं कमी करूया.”

आमच्या मशीनवर लिनक्स नावाची प्रणाली आहे. त्यात एक मजा असते. कॉम्प्युटर तोच ठेवायचा, आतल्या फायली त्याच, आणि समोर दिसणारा सगळा थाट, म्हणजे खिडक्या, मेनू, खालची पट्टी, हा अख्खा बदलून टाकायचा. त्याला डेस्कटॉप बदलणं म्हणतात. घर तेच, पण जड सोफे आणि कपाटं काढून चटया अंथरल्यासारखं. जुना डेस्कटॉपही आत राहतोच. सुरू करताना कुठल्यात जायचं ते आपण निवडायचं.

आम्ही हलका डेस्कटॉप टाकला. काय सांगू! मशीन उड्या मारायला लागलं. कॅमेऱ्यात मॅडम हसल्या आणि पडद्यावरच्या मॅडमही त्याच क्षणी हसल्या. आम्ही खुशीत मशीन बंद केलं आणि घरी गेलो.

सोमवारी चालू केलं, तर हे. आलं, गेलं.

पहिला संशय अर्थातच नव्या डेस्कटॉपवर. नवीन आलाय तोच चोर, असं आपल्याला वाटतंच. मी बाहेर पडले, जुन्या डेस्कटॉपमध्ये शिरले. तिथं सगळं ओळखीचं होतं, निळा पडदा, मोठाली चिन्हं. आणि कोपऱ्यात हिरवं, फुली, हिरवं, फुली.

“बघ,” पायल म्हणाली, “भूत दोन्ही घरात जातंय.”

मी तिच्याकडं बघतच राहिले. कारण ती चक्क बरोबर बोलली होती. जुन्या घरात परत येऊनही तेच होत असेल, तर बिघाड डेस्कटॉपमध्ये नव्हता. त्याच्याही खाली कुठंतरी होता. माझ्या अंगावर काटाच आला. भीतीचा नाही हं.

मग केबल. दोन नंबरच्या मशीनची केबल काढून एक नंबरला लावली: आलं, गेलं. एक नंबरची दोनला लावली: नेट एकदम ठणठणीत. म्हणजे केबल निर्दोष. मग शाळा सुटल्यावर मी नव्या डेस्कटॉपमध्ये परत येऊन, सेटिंग उघडून मशीनचा नेटवरचा पत्ता स्वतः हातानं भरला. मशीनला तो आपोआप मिळतो, पण भरताही येतो. त्यानंतर नेट थोडा वेळ टिकलं. अगदी थोडा, पण टिकलं! मी ते तसंच ठेवून घरी गेले.

मंगळवारी येऊन बघते, तर माझा पत्ता पुसलेला. आणि मशीन जुन्या डेस्कटॉपमध्ये उघडं.

“भू–” पायलनं सुरुवात केली.

“एक शब्द बोललीस तर बघ.”

मी पत्ता परत भरला. छोट्या सुट्टीत पायलला लघवीला जाते म्हणून सांगितलं आणि लॅबच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

आत भोगण सर बसले होते.

भोगण सर म्हणजे... कसं सांगू? ती लॅब त्यांनी आणली. संस्थेला पत्रावर पत्र त्यांनी पाठवली, दुधाच्या टेम्पोतून गोधड्यांत गुंडाळून मशीन त्यांनी आणली, भिंतीला चुना त्यांनी लावला. मला माउस धरायला त्यांनीच शिकवलं. जूनमध्ये ते निवृत्त झाले. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली, मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक बोलता बोलता रडले. आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी भोगण सर नेहमीसारखे आले आणि लॅब उघडून बसले. कुणीच काही बोललं नाही. बोलणार कोण?

“ही पोरं काय काय घालून ठेवतात,” सर स्वतःशी पुटपुटत होते. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला. त्यांनी माझा पत्ता पुसला.

“सर, ते मी घातलंय.”

सर दचकले. “तू होय? कशाला? आणि काल सकाळी मशीनचं हे भलतंच काय रूप झालं होतं?”

“नवीन डेस्कटॉप आहे, सर. मॅडमनी टाकलाय. व्हिडिओ अडकत होता म्हणून.”

चष्मा कपाळावरून काढून त्यांनी शर्टाला पुसला. “मॅडमनी होय. मला वाटलं पोरांचा उद्योग. काल आणि आज, दोन्ही दिवशी आल्यावर मी जुना लावला.” मग म्हणाले, “समृद्धी, मी हात लावला म्हणून त्यांना सांगू नको. वाईट वाटंल त्यांना.”

“नाही सांगत, सर.”

दुपारी मॅडमचा तास. त्यांनी मशीन उघडलं, जुना डेस्कटॉप बघून उसासा टाकला, नवा लावला आणि नेटच्या सेटिंगमध्ये जाऊन सरांनी केलेलं सगळं बदललं.

“मॅडम, कालपण असंच बदललं होतं का तुम्ही?”

मॅडमनी दाराकडं बघितलं. “हळू बोल. सकाळी कुणीतरी उलटं करतंय. सरच असणार. पण तू त्यांना बोलू नकोस हं. त्यांना वाटेल, पोरगी आली आणि माझी लॅब बिघडवली.”

“पण लॅब तर तुमची आहे ना, मॅडम?”

“माझ्याकडं चार्ज कुठाय?” मॅडम हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

चार्ज म्हणजे आमच्याकडं मोठीच गोष्ट असते. जाणारे शिक्षक एकेक वस्तू दाखवून ताब्यात देतात, येणारे बघून घेतात, सह्या होतात, तेव्हा ती खोली नव्या माणसाची होते. भोगण सरांनी चार्ज दिलाच नव्हता. मॅडमनी मागितला नव्हता. सरांच्या वयाच्या माणसाला ‘सर, चार्ज द्या’ म्हणायचं म्हणजे ‘सर, आता उठा’ म्हटल्यासारखंच की! मोठ्या सरांना विचारलं की ते म्हणायचे, “होईल, होईल. घाई काय आहे?” ते ‘होईल’ जुलैपासून चाललं होतं आणि आता डिसेंबर आला होता.

“नाही सांगत, मॅडम,” मी म्हणाले.

आता माझ्या पोटात दोन गुपितं झाली होती आणि नेट काही येत नव्हतं. कारण ते दोघं एकमेकांचं पुसत होते हे खरं, पण भूत त्यांच्या आधीपासून होतं. सोमवारी सकाळी सरांच्याही आधी मी स्वतः मशीन उघडलं तेव्हा कुणी काही बदललंच नव्हतं. मग आत चाललंय तरी काय? बुधवारी मला गणिताच्या तासाला फळ्यावर समीकरण दिसेना, हिरवं आणि फुलीच दिसायला लागलं.

बुधवारी संध्याकाळी मोठे सर लॅबच्या दारात आले. “उद्या तीनला व्हिडिओ आहे. झालं का नीट?”

“होईल, सर,” भोगण सर म्हणाले.

“होईल, सर,” मुजावर मॅडम म्हणाल्या. दोघांचं एकाच वेळी आलं. मग दोघंही एकमेकांकडं न बघता दोन वेगळ्या मशीनवरची धूळ पुसायला लागले.

गुरुवार उजाडला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक नंबरची तीच रडगाणी. दोन नंबरवर काही शोधावं म्हटलं, तर ते मशीन एक पान उघडायला अर्धा तास घेणारं. शेवटी मॅडमनी पर्समधून स्वतःचा मोबाईल काढून माझ्या हातात ठेवला. शाळेत विद्यार्थ्याच्या हातात मोबाईल! पायलचा आ वासलेला तसाच राहिला.

“टाकीपाशी रेंज येते. पळ. जे दिसतंय तेच लिहून शोध. हे बिघडलंय असं नुसतं लिहू नकोस. काय बदललं आणि मग काय झालं, ते लिही.”

पाण्याच्या टाकीपाशी, चढाच्या अगदी टोकाला, रेंजचा एक दांडा मिळतो. मी धापा टाकत लिहिलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत: डेस्कटॉप बदलला, मशीन बंद करून चालू केलं, मग नेट येतं आणि जातं, जुन्या डेस्कटॉपमध्येपण तसंच.

पानं सावकाश उघडत होती. खालून पायल ओरडत होती, “मिळालं का? ए समू, मिळालं का?” आणि मग मिळालं. कुठल्यातरी देशातल्या कुणीतरी माझंच रडगाणं जसंच्या तसं गायलं होतं. त्याला एकानं एवढंसं उत्तर दिलं होतं: ‘नव्या डेस्कटॉपनं येताना नेट सांभाळणारा स्वतःचा प्रोग्रॅम सोबत आणलेला असतो. तुझ्याकडं जुना आधीच आहे. दोन्ही चालू आहेत का बघ.’

मी अशी पळाले की एक चप्पल चढावरच राहिली.

लॅबमध्ये भोगण सर आणि मुजावर मॅडम दोघंही होते. मध्ये मोठे सरही येऊन उभे होते, हात मागं बांधून. मी कुणालाच काही न विचारता एक नंबरच्या खुर्चीत बसले आणि काळी खिडकी उघडली. काळी खिडकी म्हणजे जिथं चित्रं नसतात, आपण लिहून विचारायचं आणि मशीन लिहून उत्तर देतं. मी विचारलं, नेट कोण सांभाळतंय?

दोन ओळी आल्या. दोन वेगवेगळी नावं. दोन्हींच्या पुढं एकच शब्द: चालू.

“सापडलं!” मी एवढ्या जोरात ओरडले की मोठे सर मागं सरले.

“काय सापडलं?” भोगण सर वाकले.

“सर, हे बघा. हा जुना, पहिल्यापासून आपल्या मशीनवर नेट बघणारा. आणि हा नवा, शनिवारी डेस्कटॉपबरोबर आला. आपल्याला न सांगताच आला. शनिवारी तो नुसता आत येऊन बसला होता. मशीन बंद करून चालू केल्यावर तोपण कामाला लागला. आता एक नेट जोडतो, की दुसरा म्हणतो हे माझं काम, आणि ते सोडवून स्वतः जोडायला जातो. मग पहिला परत तेच करतो.”

“म्हणजे बिघडलेलं काहीच नाही?” मॅडमनी विचारलं.

“काहीच नाही, मॅडम! दोघंही चांगले आहेत. दोघंही अगदी मनापासून काम करतायत. म्हणूनच तर नेट येत नाहीय.”

भोगण सर त्या दोन ओळींकडं बघत राहिले. “मग यातला कुठला काढायचा?”

“कुठलाही एक चालतो, सर. पण एकच पाहिजे.”

“मशीन ठरवत नाही का ते?”

“नाही. त्याला काय कळतंय, कोण जुना आणि कोण नवा? कुणीतरी सांगेपर्यंत दोन्ही चालूच राहणार.”

“म्हणजे कुणीतरी सांगायला पाहिजे,” सर सावकाश म्हणाले.

“हो, सर.”

शप्पथ सांगते, मी मशीनबद्दलच बोलत होते. माझं सगळं डोकं त्या काळ्या खिडकीत होतं. आणि त्याच तारेत मी पुढंही बोलून गेले. “आणि अजून एक. आता हे नीट झालं ना, की सेटिंगला एकाच माणसानं हात लावायचा. सकाळी सर जुना डेस्कटॉप लावतात आणि दुपारी मॅडम नवा लावतात, आणि दोघंही मला म्हणतात सांगू नको. असं केलं तर मी काहीही केलं तरी टिकणार नाही.”

बोलले आणि मग माझं मला ऐकू आलं.

मागं पायलनं श्वास घेतल्याचा आवाज झाला. मोठे सर छताच्या पत्र्याकडं बघायला लागले, जणू तिथं काहीतरी गळत होतं. मॅडमचा चेहरा लालबुंद. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पण खरं सांगू? मला ते परत गिळावंसं वाटलं नाही. ते खरं होतं, आणि तीन वाजायला आले होते.

“पोरगी बरोबर बोलतीय,” भोगण सर म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. “कर पुढं. काय काढतीस?”

“नवा काढते, सर. जुन्याला आपल्या नेटचं सगळं माहीत आहे. नव्या डेस्कटॉपलापण तो चालतो. डेस्कटॉप राहू दे, फक्त हा नेटवाला जाऊ दे.”

“जुनाच राहिला की मग!” सर हसले. बऱ्याच दिवसांनी असे मोकळे हसले. “बघा मॅडम, जुना अजून कामाचा आहे.”

“आहेच, सर,” मॅडम म्हणाल्या. “नेटचं त्यालाच ठाऊक.”

काळ्या खिडकीनं पासवर्ड मागितला. असलं मोठं काम पासवर्डशिवाय होत नाही, आणि तो आम्हा पोरांना देत नसत. मी खुर्चीवरून बाजूला झाले. सर सवयीनं पुढं झाले, हात कीबोर्डवर गेला, बोटं ठेवलीसुद्धा.

मग त्यांनी हात उचलला.

“मॅडम, टाका तुम्ही.”

“सर, तुम्ही टाकलात तरी–”

“तुम्ही टाका.”

मॅडमनी टाकला. ओळी भरभर वर सरकल्या. मी मशीन बंद करून परत चालू केलं, कारण शनिवारनं मला तेवढं शिकवलं होतं. हलका डेस्कटॉप उघडला. कोपऱ्यातलं चिन्ह हिरवं झालं. आम्ही पाचही जण त्याच्याकडं बघत उभे. हिरवं. हिरवं. पायल तोंडावर दोन्ही हात दाबून उभी होती. हिरवंच!

तीन वाजता गोगटे मॅडम पडद्यावर आल्या. पांढरे केस, मोठा चष्मा, मागं पुस्तकांनी भरलेली भिंत. कॅमेऱ्यासमोर तीन खुर्च्या मांडल्या होत्या: मध्ये भोगण सर, एका बाजूला मुजावर मॅडम, दुसऱ्या बाजूला मोठे सर. आम्ही पोरं मागं आपापल्या मशीनवर. गोगटे मॅडमनी पोरांना विचारलं, काय काय करता? सगळे एकदम बोलायला लागले. कुणी चित्रं दाखवली, कुणी गावाचा नकाशा. पायलनं तिचा भुतांचा खेळ दाखवला, त्यात सगळ्या भुतांची नावं आमच्या शिक्षकांची होती. तो दाखवायचा नाही असं ठरलं होतं. गोगटे मॅडमना फार आवडला.

मग त्यांनी चष्मा सारखा केला. “मुलं खूष दिसतायत. मला एकच सांगा. आमचा अनुभव असा आहे की जिथं लॅबला कुणी एक माणूस नसतो, तिथं ती वर्षभरात बंद पडते. तुमच्याकडं लॅबची जबाबदारी नक्की कुणाकडं आहे?”

मोठ्या सरांनी घसा खाकरला. आणि नुसता खाकरलाच.

मी भोगण सरांच्या मानेकडं बघत होते. गेली कित्येक वर्षं ह्या खोलीबद्दल कुणी काहीही विचारलं की उत्तर त्यांच्याकडूनच यायचं. आत्ताही त्यांनी श्वास घेतलेला मला दिसला. खांदे वर झाले. शेजारी मुजावर मॅडम मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या बोलणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. मागच्या सहा महिन्यांत बोलल्या नव्हत्या, आज कशा बोलतील? आणि सरांनी ‘मी’ म्हटलं, तर ते खोटंही नव्हतं. पण सर तर शाळेतून निवृत्त झाले होते. गोगटे मॅडमनी पुढचा एक प्रश्न विचारला असता, तर संपलंच होतं सगळं.

माझा हात आपोआप मशीनची कड घट्ट धरून बसला होता.

खुर्चीचा कर्रकन आवाज झाला. सरांनी बसल्या बसल्याच खुर्ची बाजूला ओढली. पडद्याच्या कोपऱ्यात आमचंच छोटं चित्र दिसत होतं. त्यातून आधी सरांचा खांदा गेला, मग अर्धा चेहरा. मधली जागा मोकळी झाली.

“मुजावर मॅडमकडं आहे,” सर म्हणाले. “चार्ज त्यांच्याकडं आहे.”

मॅडमनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. सरांनी डोळ्यांनीच सांगितलं, सरका की इकडं. आणि मॅडम मधल्या जागेत सरकल्या.

“छान,” गोगटे मॅडम म्हणाल्या. “आणि आपण?”

“मी?” सर चित्रात अर्धेच दिसत होते. “मी इथंच गावात राहतो.”

मग मुजावर मॅडम बोलायला लागल्या. पहिल्या वाक्याला आवाज कापला, दुसऱ्याला कमी, आणि नंतर मला कळेना की एवढं सगळं ह्यांच्या मनात कधीपासून साठलं होतं. पाचवीपासून टायपिंग, शनिवारी गावातल्या बायकांसाठी वर्ग, सगळीच मशीन हळूहळू हलक्या डेस्कटॉपवर नेणं. “एकावर करून बघितलंय,” त्या म्हणाल्या. “अडचण आली होती. आमच्या विद्यार्थिनीनं शोधून काढली.” गोगटे मॅडमनी विचारलं, कुठं आहे ती, आणि मी उभी राहिले. एका पायात चप्पल नव्हती. कुणीतरी हसलं, आणि मीपण हसले.

“कॉम्प्युटर तिथंच राहू देत,” गोगटे मॅडम शेवटी म्हणाल्या. पोरांनी असा गलका केला की शाळेच्या आवारातली गुरं पळाली.

शुक्रवारी सकाळी भोगण सर मोठ्या सरांच्या खोलीत आले, चार्जच्या यादीवर सही केली आणि लगेच घरी गेले. वस्तू दाखवायलासुद्धा लॅबकडं आलेच नाहीत. शनिवारीपण नाही. लॅब मॅडमनी उघडली. सगळं व्यवस्थित होतं, नेट हिरवं होतं, आणि तरी मी दर थोड्या वेळानं दाराकडं बघत होते. पायलला म्हटलं, मी बोलायला नको होतं का गं? ती म्हणाली, “तू नसतीस बोललीस तर आत्ता इथं मोकळ्या खोलीत खो-खो खेळत असतो.” पायल कधी कधी फार शहाणी असते.

सोमवारी आमचा तास चालू होता. मॅडम खुर्चीत बसून मोठ्या पडद्यावर तीन नंबरच्या मशीनला हलका डेस्कटॉप कसा टाकायचा ते दाखवत होत्या. दारात सावली पडली.

“आत येऊ का, मॅडम?”

भोगण सर होते. उंबऱ्याच्या बाहेर. एवढ्या वर्षांत त्यांना त्या दाराबाहेर थांबलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आम्ही सगळे खडबडून उभे राहिलो.

“या ना, सर,” मॅडम म्हणाल्या.

सर आत आले, आम्हाला हातानं खाली बसवलं आणि पुढच्या खुर्च्यांकडं ढुंकूनही न बघता सरळ आमच्या बाकावर आले. “सरक गं.” मी सरकले, पायल सरकली, पायलच्या पलीकडं कुणी असतं तर तेही पडलं असतं. सरांचे गुडघे बाकात मावेनात. ते तिरके बसले, चष्मा लावला आणि पडद्याकडं बघायला लागले. आम्ही काहीतरी टिपून घेतोय हे बघून त्यांनी माझं पेन काढून घेतलं आणि हाताच्या तळव्यावर काहीतरी लिहिलं.

मॅडमनी शिकवणं पुढं सुरू केलं. थोड्या वेळानं माझ्या शेजारून एक बोट वर झालं.

“मॅडम, एक शंका आहे.”

अख्खा वर्ग वळून बघायला लागला. मॅडमनी हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

“विचारा,” त्या म्हणाल्या, “पण आधी बोट खाली घ्या, सर. मागच्यांना दिसत नाही.”